बिनधुराच्या चुलीची काजळी

"उद्या साहेबांच्या ताटात जो भात पडेल, तो सूर्य शिजवणार! एक काटकी जळणार नाही, रॉकेलचा एक थेंब लागणार नाही. नाही शिजला तर माझं नाव बदला!"

रामकिशन सूर्यवंशीनं स्टाफरूमच्या मधोमध उभं राहून हे जाहीर केलं, तेव्हा आधी कुणी मान वर केलीच नाही. तो भौतिकशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती. "व्होल्टमीटर उलटा जोडू नका" हेसुद्धा तो मुलांना लग्नाचं आमंत्रण दिल्यासारखं सांगायचा. प्राचार्य रेणुकादास सरांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवला.

"नाव कशाला बदलायचं? आडनाव सूर्यवंशी! वर बसलाय तो घरचाच माणूस तुमचा!"

स्टाफरूम हसली. रामकिशनही हसला. त्याला हसणं परवडत होतं, कारण महिनाभर तो नव्या सूर्यचुलींशेजारी थर्मामीटर घेऊन बसला होता. डाळ, तांदूळ, शेंगदाणे, बटाटे, सगळं शिजवून झालं होतं. सूर्यानं त्याला एकदाही दगा दिला नव्हता. माणसांचा हिशेब त्यानं धरला नव्हता, एवढंच.

रेणापूरचं हे कॉलेज तसं नवं, पण लातूर जिल्हा त्याहून नवा. उस्मानाबादेतून वेगळा निघून त्याचा हा दुसराच उन्हाळा. कचेऱ्या अजून भाड्याच्या घरांत होत्या. एका कचेरीच्या स्वयंपाकघरात फायली आणि देव्हाऱ्यात शिक्के ठेवलेले रामकिशननं स्वतः पाहिले होते. लातूरहून निघालेलं पत्र जुन्या सवयीनं आधी उस्मानाबादला जायचं, तिथं चार दिवस पाहुणचार घ्यायचं आणि मग पत्ता शोधत यायचं. वाटणीत सगळं नवं मिळालं होतं. नवी पाटी, नवा शिक्का, नवे कलेक्टर. दुष्काळ तेवढा जुनाच वाट्याला आला होता.

आणि अशात सरकारची एक योजना निघाली: कॉलेजांच्या आवारात अपारंपरिक ऊर्जा वापरायची, त्यासाठी अनुदान मिळेल. तीन पर्याय होते, त्यातला एक निवडायचा.

पहिला गोबर गॅस. त्याला शेण लागतं, शेणाला जनावर लागतं आणि जनावरं तर छावणीत. प्राचार्य छावणीवर शेण मागायला गेले, तर तिथला मुकादम शांतपणे म्हणाला, "न्या की साहेब. पर आधी त्यांच्या पोटात काय तरी जाऊ द्या!"

दुसरा पवनचक्की. वारा होता, पण त्यानं उपसायचं पाणी नव्हतं. कोरड्या विहिरीवर चक्की बसवली असती तर तिचा नुसता पंखा झाला असता, तोही आभाळाला वारा घालणारा.

राहिला सूर्य. टंचाईच्या त्या वर्षात रेशनकार्डाशिवाय आणि रांगेशिवाय मिळणारी एकच वस्तू होती: ऊन! रामकिशनला या विचारात मोठी मजा वाटायची. ज्यानं विहीर आटवली, ज्यानं ज्वारी करपवली, त्यालाच म्हणायचं, चल, आता आमचा भात टाक. एखाद्या दांडगेश्वराला गल्लीच्या पहाऱ्यावर नेमावं, तसा हा प्रकार!

पण मजेच्या खाली एक काळजी होती. मुलींच्या वसतिगृहाची मेस लाकडावर चालायची आणि लाकूड संपलं होतं. वखारीत आता वखारवाला तेवढा शिल्लक होता. जळणाची सोय झाली नाही तर सुट्टीनंतर मेस उघडणार नाही, असं प्राचार्यांनी जड मनानं सांगितलं होतं. मेसची सेक्रेटरी पंचफुला ही बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलगी. भोकरच्या पलीकडच्या खेड्यातली, बोलायला सुरीसारखी. ती त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, मेस बंद म्हंजी माझं कॉलेज बंद. घरचे म्हनतील, तिथं उपाशी राहून शिकन्यापेक्षा हितं रोजगार हमीवर खडी फोड. पोट तरी भरंल."

"तसं होणार नाही."

"होनार न्हाई असं वाटतंय का होनार न्हाई असं माहीत हाय?"

हाच प्रश्न रामकिशन प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत मुलांना विचारायचा.

त्यानं अर्ज केला. अर्ज उस्मानाबाद फिरून लातूरला पोचला आणि नमुना म्हणून तीन सूर्यचुली आल्या. मोठ्या ट्रंकेएवढ्या पेट्या, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आत काळा पत्रा आणि काळ्या रंगाचा एकेक मोठा डबा. कचेरीतून साहेब येणार, चुलीवरचं अन्न स्वतः चाखून बघणार आणि मग साऱ्या मेससाठी चुली मंजूर होणार, असं ठरलं होतं.

मेसच्या स्वयंपाकीण सरजाबाई पहिले आठ दिवस त्या पेट्यांकडे पाठ करून बसल्या.

"जाळ न्हाई, धूर न्हाई, फुंकणी न्हाई. ही काय चूल म्हनायची? आजारी मानसावानी नुसती उनात पडून राहिली हाय!"

पण पहिल्यांदा डाळ मऊ शिजली तेव्हा त्यांनी दोन बोटांत दाणा चिरडून पाहिला. मग पेटीला हळदकुंकू लावलं. त्या दिवसापासून पेट्या त्यांच्या झाल्या. आरशावर कावळा बसला तरी त्या लाटणं घेऊन धावायच्या. डोळे चुरचुरायचे थांबले, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फक्त "सरांची पेटी" म्हणायच्या ऐवजी "माजी पेटी" म्हणू लागल्या.

तर, साहेब यायच्या आदल्या दिवशी कॉलेजात लगीनघाई उडाली. प्राचार्यांचा एक नियम होता. पाहुणा येणार म्हटलं की जे हलत नाही त्याला चुना आणि जे हलतं त्याला टोपी! वाटेच्या दोन्ही बाजूंचे दगड पांढरे झाले. लिंबांच्या बुंध्यांना गेरू लागला. कोरड्या विहिरीच्या कठड्यालासुद्धा चुना फासला, जणू साहेब तिच्यात डोकावून म्हणणार होते, "वा! किती स्वच्छ खडखडाट!"

रामकिशनला या सगळ्याचं हसू येत होतं. तरी संध्याकाळी घरी जाता जाता तोही मेसमध्ये डोकावला आणि सहज म्हणाला, "मावशी, उद्या पाहुणे आहेत. काचा पुसून ठेवा, डबे जरा स्वच्छ असू द्या."

"त्येची काळजी नगं, सर," सरजाबाई म्हणाल्या. "असे डबे ठेवते, असे डबे ठेवते, की साहेब बगतच राहतील!"

रामकिशन निश्चिंत मनानं घरी गेला.

सकाळी प्राचार्यांनी त्याला फाटकावरच गाठलं. अक्षर चांगलं म्हणून फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्' लिहायला बसवलं. त्याखाली उगवता सूर्य काढायला लावला. मग सूर्याला मिशा काढून पुन्हा पुसायला लावल्या, कारण साहेबांना मिशा आहेत की नाहीत हे कुणालाच माहीत नव्हतं. यात ऊन चांगलं वर आलं. रामकिशन डबे लावायला मेसच्या अंगणात धावला आणि जागच्या जागी उभा राहिला.

समोर तीन डबे ठेवले होते. डबे कसले, तीन आरसेच! पहिल्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, दुसऱ्यात तोच चेहरा घाबरलेला दिसला, आणि तिसऱ्यात मागे कमरेवर हात ठेवून हसणाऱ्या सरजाबाई दिसल्या.

"मावशी... काळा रंग?"

"गेला!" सरजाबाईंचा चेहरा उजळला होता. "लई चिवट हुता. विटकरीची भुकटी, चिंच, राख आन् नारळाची शेंडी. पहाटंधरनं घासून राहिले. पेटीच्या आतला पत्राबी सोडला न्हाई!"

"अहो, तो रंग मुद्दाम लावला होता!"

"मुद्दाम?" सरजाबाईंनी त्याच्याकडे कीव येऊन पाहिलं. "मुद्दाम कोन भांडं काळं करतंय, सर?"

"काळ्या रंगात ऊन मुरतं, मावशी! चकचकीत भांड्यावरून ते आल्या पावली परत जातं!"

"आसंल की. पर म्हयनाभर आपन घरचे खात हुतो, तवर काळं चाललं. आज पाव्हणे हायत! पाव्हण्याम्होरं काळं भांडं ठिवलं म्हंजी अब्रू ऱ्हाती का? सासरी आले तवा भांड्यावर एक डाग दिसला, तर सासूनं आठ दिस तोंड फिरवलं हुतं. आन् म्या माज्या वाटनीची घागर वतली विसळायला. टँकर परवा येनार हाय, ठावं हाय ना?"

रामकिशनच्या तोंडाशी आलेलं व्याख्यान तिथंच विरलं. पिण्याच्या पाण्याची घागर ओतून एखाद्यानं आपली लाज राखली असेल, तर त्याला परावर्तनाचे नियम कुठल्या तोंडानं सांगायचे? आणि 'स्वच्छ ठेवा' असं सांगून गेलं कोण होतं?

"काय झालं सर?" पंचफुलानं मागून विचारलं. डबे बघून तिला सगळं कळलं. "आता?"

"आता पुन्हा काळे करायचे. लगेच."

"कशानं?"

बाजारातला रंग वाळायला दिवस गेला असता आणि भाताला त्याचा वास आला असता. रामकिशननं डोळे मिटले. काजळी! इतका गर्द काळा रंग कुठल्या डब्यात विकत मिळत नाही. रसायनशास्त्राच्या कपाटात टर्पेंटाइनच्या बाटल्या होत्या. त्यात वात बुडवून पेटवली की असा धूर निघतो, असा निघतो, की आगगाडीचं इंजिन त्यापुढं उदबत्ती वाटावं!

पाच मिनिटांत मेसच्या मागं चार दिवे धडधडू लागले. मुली डबे फिरवून फिरवून धुरावर धरत होत्या. कुणी खोकत होती, कुणी डोळे पुसत होती आणि डोळे पुसले की गालावर बोटं उमटत होती. पेटीतला पत्रा तर दोघींनी पालथा धरून खालून दिवा फिरवला. ती काजळी थेट त्यांच्या कपाळावर उतरली.

"सर," पंचफुला खोकत म्हणाली, "बिनधुराच्या चुलीसाठी आपन किती धूर करून राहिलो!"

रामकिशनला हसू आलं आणि रडूही. डबे काळेकुट्ट झाले. तांदूळ, पाणी, मीठ घालून तो पेट्या लावायला लागला, तेव्हा सूर्य डोक्याकडे सरकला होता. त्यानं मनात आकडेमोड केली. भात शिजणार, नक्की शिजणार. पण उशिरा.

तो प्राचार्यांकडे पळाला आणि सगळं खरं खरं सांगून टाकलं. "सर, साहेबांना थोडा वेळ थोपवता येईल?"

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण शांती पसरली. "थोपवायचं? सूर्यवंशी, आपल्याकडे सत्कार नावाची एक गोष्ट आहे. तिच्यात अडकलेला माणूस आजवर वेळेत सुटलेला नाही. तुम्ही जा. साहेबांना विहीर दाखवा, प्रयोगशाळा दाखवा. बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे काय, हे रामकिशननं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

जीप आली. साहेबांचं नाव विरूपाक्षप्पा. उदगीरकडचे, चाळिशीचे, मोजकं बोलणारे, पांढऱ्या शुभ्र शर्टातले. मिशा होत्या. रामकिशनचं लक्ष उगाचच फळ्यावरच्या बिनमिशांच्या सूर्याकडे गेलं.

"जीप टँकरच्या कामावरची आहे," साहेबांनी उतरता उतरता सांगितलं. "लवकर सोडायची आहे. अन्न शिजलंय ना?"

"शिजतंय, साहेब," रामकिशन म्हणाला. व्याकरणातला एवढा एक काळ त्या दिवशी त्याच्या मदतीला धावून आला.

ओवाळायला मुली रांगेत उभ्या होत्या. तोंडं धुवायला पाणी कुठलं? साहेबांनी त्यांच्या गालांकडे पाहिलं, कपाळांकडे पाहिलं आणि प्राचार्यांना हळूच विचारलं, "गॅदरिंग आहे का आज?"

"छे छे! विज्ञान शाखा आहे, साहेब. प्रयोग चालू असतात," प्राचार्य म्हणाले.

मग सत्कार सुरू झाला. नवा जिल्हा म्हणून शाल, जुनी परंपरा म्हणून फेटा, विज्ञान म्हणून पुन्हा हार. श्रीफळ कुणाच्या हस्ते? "अन्नदात्या सरजाबाईंच्या हस्ते!" असं प्राचार्यांनी जाहीर केलं आणि त्यांना मेसमधून बोलावणं धाडलं. सरजाबाई आल्या, पण चुळबुळत, सारखं मागं वळून बघत. "सर, मला जाऊ द्या," त्या कुजबुजल्या. "थांबा हो, दोन शब्द बोलतो," म्हणून प्राचार्य बोलू लागले. त्यांचे दोन शब्द निजामाच्या राजवटीपासून निघाले, रझाकारांच्या दिवसांतून गेले, नव्या जिल्ह्यात पोचले आणि तिथंच मुक्कामाला राहिले. सरजाबाई हातात नारळ धरून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिल्या. रामकिशनला वाटलं, मावशी सभेला बुजल्या असतील.

शेवटी साहेबांनीच घड्याळ पाहिलं आणि उभे राहिले. "चला, भात बघू."

तीन पेट्या अंगणात ओळीनं मांडल्या होत्या. रामकिशन घाईघाईनं म्हणाला, "साहेब, अजून जरा वेळ लागेल, आज लावायला उशीर..."

"काही उशीर नाही!" प्राचार्य पुढं झाले. "उघडा साहेब, ही पहिलीच पेटी उघडा!"

साहेबांनी काच उचलली, डब्याचं झाकण काढलं. आत मोकळा, वाफाळता, दाणान् दाणा फुललेला भात! रामकिशन डब्यात वाकून बघू लागला. त्याचं गणित चुकलं? ऊन आज जास्त तापलं? काजळीची शोषकता त्याला वाटली होती त्याहून मोठी निघाली? त्याच्या डोक्यात एक छोटासा शोधनिबंध आकार घेऊ लागला.

साहेबांनी डाव घेतला. वरचा भात बाजूला सारला. डाव खाली नेला आणि तळाशी खरडला. कर्र... कर्र... असा आवाज झाला. डावावर करपलेल्या भाताचा एक तांबूस, खरपूस पापुद्रा आला.

अंगणातल्या सगळ्यांच्या माना त्या डावाकडे वळल्या. लिंबावरच्या कावळ्यानंसुद्धा मान वाकडी केली.

साहेबांनी तो पापुद्रा तोंडात टाकला, डोळे मिटून चावला. "अगदी आईच्या हातचा," ते म्हणाले. "लहानपणी लागलेल्या भातासाठी आम्ही भावंडं भांडायचो. लातूरच्या खानावळीत असला कधी मिळत नाही." मग डोळे उघडून त्यांनी रामकिशनकडे पाहिलं. "तुम्ही भौतिकशास्त्राचे ना? सूर्यचुलीत भात तळाला लागतो का हो?"

रामकिशनला उत्तर माहीत होतं. सूर्यचुलीत उष्णता सगळीकडून येते, सावकाश येते. तिच्यात अन्न कच्चं राहील, पण करपणार नाही. करपायला खालून जाळ लागतो. हे त्यानंच अर्जात लिहिलं होतं, सूर्यचुलीचा फायदा म्हणून!

प्राचार्य त्याच्याकडे डोळ्यांनी विनवण्या करत होते. पंचफुला ओठ घट्ट मिटून उभी होती. 'लागतो' असं म्हटलं तर कदाचित निभावलंही असतं. पण तसं म्हटल्यावर उद्या प्रयोगशाळेत कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हे रामकिशनला सुचेना.

"नाही लागत, साहेब," तो म्हणाला. "हा भात उन्हावर शिजलेला नाही."

"अरे देवा," प्राचार्य खुर्चीत बसले. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "साहेब, यात ह्या पोराचा दोष नाही. मीच सरजाबाईंना सांगितलं. म्हटलं, पहिल्या पेटीतला डबा चुलीवर शिजवून ठेवा; साहेबलोक नेहमी पहिलीच उघडतात. लाकूड कुठलं? माझ्या घरच्या सागवानी बाजेचे चारी पाय तोडून आणले हो! मेस बंद पडली तर ह्या पोरी घरी जातील. एकदा घरी गेलेली मुलगी परत येत नाही, हे मी इतकी वर्षं बघतोय."

"आन् सागवान लई जोरात पेटलं," सरजाबाईंनी रडवेल्या आवाजात भर घातली. "म्या भांडं उतरवतच हुते, तर नारळ द्यायला बलिवलं! सरांचं भाषन सपंना, आन् तिकडं भात लागला! तुमी उटलात तशी म्होरं पळत जाऊन डबा पेटीत सरकवला. जलमात माजा भात लागला न्हवता!"

साहेबांच्या मिशा हलल्या. ते हसले की काय, हे कळायला मार्ग नव्हता. "सूर्यानं भात करपवला असता तर अनुदान कशाला, पदकच दिलं असतं तुम्हाला," ते म्हणाले. "बरं. ह्या दोन पेट्यांत काय आहे? त्यांनापण भाषण ऐकवलंय का?"

"नाही साहेब!" रामकिशन दचकून म्हणाला. "त्यांना कुणी हात लावलेला नाही. त्या खऱ्या आहेत."

त्यानं दुसरी पेटी उघडली. डब्यात बुडबुडे येत होते. साहेबांनी एक दाणा बोटांत चिरडला. बाहेरून मऊ, आत कणी.

"कणी राहिलीय."

"अर्धा तास लागेल," रामकिशन म्हणाला. "कदाचित जास्त. आता मी वाटतंय ते सांगत नाही, माहीत आहे ते सांगतोय."

जीपचा ड्रायव्हर फाटकातून हॉर्न वाजवत होता. साहेबांनी तिकडं पाहिलं. मग बाह्या सरसावल्या आणि पेटीजवळ चवड्यांवर बसले. "आरसा जरा कललाय. इकडून धरा."

तो अर्धा तास रामकिशनच्या कायमचा लक्षात राहिला. एवढा मोठा अधिकारी, पेटीच्या एका बाजूला बसून आरसा सूर्याकडे वळवत होता आणि दुसऱ्या बाजूनं पंचफुला त्याला बेधडक सांगत होती, "साहेब, थोडं वर. आता लई झालं! खाली घ्या जरा." साहेब झाकण चाचपायचे, डबा सरळ करायचे, कपाळाचा घाम पुसायचे. पुन्हा डबा, पुन्हा घाम. एकदा नाक खाजवलं. एकदा मिशांवरून हात फिरवला. ताजी काजळी ती, टर्पेंटाइनची! ती आपलं काम चोख करत होती.

आधी नाक काळं झालं. मग कपाळावर आडवे पट्टे आले. मग गाल. साहेबांच्या मिशा कानांपर्यंत पोचल्या!

पंचफुलानं तोंड उघडलं. "साहेब, तुमच्या..."

प्राचार्यांनी तिला असं काही डोळ्यांनी दटावलं, की उरलेलं वाक्य तिनं गिळलं. रामकिशननंही दोनदा धीर केला. पण साहेबांना 'तुमचं तोंड काळं झालंय' हे मराठीत सभ्यपणे सांगता येईल असं वाक्य त्याला शेवटपर्यंत जुळवता आलं नाही. आणि धुवायला पाणी तरी कुठून आणणार होता?

भात शिजला. पांढराशुभ्र, मऊ, कुठंही न लागलेला. साहेबांनी तो वरण घालून पोटभर खाल्ला, बरोबर चवीला पहिल्या डब्यातला करपलेला पापुद्राही मागून घेतला. "मी मंजुरीची शिफारस करतो," जीपमध्ये बसता बसता ते म्हणाले. "मीटिंगला उशीर झालाय. थेट कलेक्टरसाहेबांकडेच जातो."

"थेट?" प्राचार्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"थेट!" काळ्या चेहऱ्यात साहेबांचे दात चमकले आणि जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली.

सुट्टीभर पत्र आलं नाही. रामकिशन रोज टपालाच्या वेळेला फाटकावर जाऊन उभा राहायचा. चूक नेमकी कुणाची, याचा त्यानं पुष्कळ विचार केला. प्राचार्यांनी चुना फासला, सरजाबाईंनी रंग घासून काढला, आणि त्यानं स्वतः फळ्यावर सूर्य रंगवला तेव्हा खरा सूर्य पाठीमागं वाया जात होता. तिघांनी एकच केलं होतं: जे चालू होतं ते पाहुण्यांसाठी बंद पाडलं होतं. हे त्याला कळत होतं. पण सरजाबाईंच्या घागरीची आठवण झाली की नुसतं कळणं पुरं पडायचं नाही.

कॉलेज उघडायच्या दिवशी पंचफुला पत्र्याची ट्रंक घेऊन थेट मेसच्या अंगणात येऊन उभी राहिली. खोलीवरसुद्धा गेली नाही. "सर, ट्रंक उघडू का परत नेऊ?"

"उघड," रामकिशन म्हणाला. पत्र त्याच सकाळी आलं होतं. अर्थात उस्मानाबादमार्गे. मेससाठी वीस सूर्यचुली मंजूर झाल्या होत्या. पंचफुलानं ट्रंक धपकन खाली ठेवली आणि तिच्यावरच बसून डोळे पुसले. या वेळी तिच्या गालावर काही उमटलं नाही.

"पण खाली आणखी आहे," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी घसा साफ करून वाचलं: "'तथापि, सदर चूल पूर्णतः धूरविरहित असल्याचे आपल्या अर्जात नमूद आहे. असे असताना तपासणी अधिकारी सदर चुलीची तपासणी करून मा. जिल्हाधिकाऱ्यांसमोर उपस्थित झाले, त्या वेळी त्यांच्या मुखावर काजळी कोठून आली, याचा समाधानकारक खुलासा तात्काळ सादर करावा.'"

रामकिशननं खुलासा लिहायला घेतला. पहिला मसुदा शोषकतेपासून सुरू झाला आणि तीन आकृत्यांनंतरही साहेबांच्या नाकापर्यंत पोचला नाही. दुसऱ्यात टर्पेंटाइन आलं, पण मग ते रसायनशास्त्राच्या कपाटातून का काढलं, याचा वेगळा खुलासा लागला असता. प्राचार्यांचा मसुदा निजामाच्या राजवटीपासून निघाला.

"त्यात काय लिवायचं येवढं?" शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या सरजाबाई म्हणाल्या. "लिवा, पाव्हणे येनार हुते म्हनून भांडी घासली."

रामकिशननं पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. तेवढंच एक वाक्य लिहिलं आणि पाठवून दिलं. सगळ्या प्रकरणात पूर्ण खरं असं एवढंच वाक्य होतं.

उत्तर आश्चर्यकारक वेगानं आलं. रामकिशननं ते मेसच्या अंगणात मोठ्यानं वाचून दाखवलं: "'खुलासा समाधानकारक. नवीन चुलींची तपासणी पुढील महिन्यात होईल. कृपया कोणतीही तयारी करू नये.'"

"म्हंजी," सरजाबाई उठून उभ्या राहिल्या, "पाव्हणे परत येनार?"

आणि त्यांचा हात आपसूक नारळाच्या शेंडीकडे गेला.